पहिली गुंतवणूक: जळगावजवळचा प्लॉट, फ्लॅट की महामार्गालगतची शेतजमीन?

बोरीकाठ (अमळनेर)

सर्व जाणकारांना नमस्कार. मी अमळनेर येथील एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. वय ३४. पत्नी जळगावला खासगी नोकरी करते. दोघांच्या पगारातून घरखर्च, आईवडिलांचे औषधपाणी आणि मुलीची फी भागून महिन्याकाठी वीस ते बावीस हजार रुपये शिल्लक राहतात आणि आजवर साठवलेले नऊ लाख रुपये मुदत ठेवीत आहेत. वडिलांच्या नावावर पारोळा तालुक्यात तीन एकर कोरडवाहू शेती आहे. राहते घर स्वतःचे असल्यामुळे निवाऱ्याचा प्रश्न नाही. प्रश्न केवळ गुंतवणुकीचा आहे आणि स्थावर मालमत्तेतला माझा अनुभव शून्य आहे.

सध्या माझ्यापुढे तीन पर्याय आले आहेत. पहिला, जळगावच्या हद्दीलगत १,५०० चौरस फुटांचा प्लॉट. जमीन आज सातबाऱ्यावर शेतीच आहे, पण 'एन.ए. (अकृषिक) होणारच आहे, झाल्यावर हा भाव स्वप्नातही मिळणार नाही', असे दलालाचे म्हणणे असून तूर्त नोटरीसमोर सौदा करून ठेवावा, असा त्याचा आग्रह आहे. दुसरा, जळगावातच बांधकाम चालू असलेल्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत २८ लाख. घेऊन भाड्याने द्यावा, असा विचार आहे. तिसरा, आम्ही चौघा मित्रांनी मिळून महामार्गालगत वीस गुंठे जिरायत जमीन घ्यावी, प्रत्येकाची पाच गुंठे.

यांपैकी नवख्या माणसाला झेपण्यासारखे काय आहे, पैसे देण्यापूर्वी नेमके काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने तपासावे, हे कृपया सांगावे.

नोंदवही (धुळे)

सर, महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे मी कागदापुरतेच बोलतो. पैशाचे गणित इतरांनी सांगावे.

'एन.ए. होणारच आहे' या वाक्याला सरकारी दप्तरात काहीही स्थान नाही. शेतजमिनीचा प्लॉट होण्याची वाट ठरलेली आहे. आधी नियोजन प्राधिकरणाकडून अभिन्यास, म्हणजे ले-आउट, मंजूर व्हावा लागतो. मग अकृषिक वापराची परवानगी किंवा आकारणी होते. नंतर भूमी अभिलेख खाते मोजणी करून कमी-जास्त पत्रक, ज्याला आपल्याकडे सगळे क.जा.प. म्हणतात, तयार करते आणि त्यानंतर मूळ गटाचा सातबारा बंद होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा तुमचा प्लॉट जेमतेम दीड गुंठ्याचाही नाही. तेवढा शेतीचा तुकडा तुकडेबंदी कायद्यामुळे सहसा स्वतंत्रपणे नोंदवता येत नाही आणि दलालाला नोटरी आठवण्याचे कारणही हेच आहे. नोटरीच्या शिक्क्याने सही कोणाची आहे एवढे कळते, मालकी हस्तांतरित होत नाही. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या 'विक्री'ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. गुंठेवारीची बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ चा कायदा आहे आणि पुढे त्याची मुदतही वाढवली गेली. परंतु उद्या एखादी सवलत येईल या भरवशावर आज पैसे गुंतवणे हा माझ्या मते निव्वळ जुगार आहे.

आता सातबारा कसा वाचावा, ते सांगतो, कारण बहुतेक जण नाव आणि क्षेत्र पाहूनच कागद घडी करून ठेवतात. प्रथम भूधारणा पद्धती पाहावी. 'भोगवटादार वर्ग १' असेल तर विक्रीला सहसा आडकाठी नसते. 'वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाला भरायची रक्कम, आलीच. त्यानंतर उजवीकडचा 'इतर हक्क' हा रकाना सावकाश वाचावा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, सामाईक विहिरीतला हिस्सा, भूसंपादनाचा शेरा, हे सगळे तेथेच सापडते. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ चा शेराही तेथेच असतो आणि अशी जमीन शासनाच्या मान्यतेविना बिगर आदिवासीला घेता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि साक्री तालुक्यांच्या सातपुडा-सह्याद्रीकडच्या गावांत हे विशेष जपावे.

२०२० नंतरच्या नव्या नमुन्यातल्या उताऱ्यावर कमी झालेली नावे आणि फिटलेले बोजे कंसात, आडवी रेघ मारून दाखवलेले असतात. शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व तारीख असते, आणि फेरफार प्रलंबित आहे की नाही, हेही लिहिलेले असते. प्रलंबित फेरफार आहे असे दिसले तर तो कशाचा आहे हे तलाठी कार्यालयात जाऊन पाहिल्याशिवाय पुढे एक रुपयाही देऊ नये. वारसांची नोंद असू शकते, दुसऱ्याच कोणाला केलेली विक्रीही असू शकते. उताऱ्यावर लिहिलेले फेरफार क्रमांक धरून मागे मागे जात जुने हस्तलिखित उतारेही काढावेत. तीस वर्षांच्या मालकीचा शोध हा जो प्रघात आहे, तो वकिलाने घ्यायचा असला तरी तुम्ही स्वतः वाचलेले फेरफार पुढे जन्मभर उपयोगी पडतात.

ले-आउट मंजूर असेल तर मंजूर नकाशाची प्रत मागावी, दलालाने छापलेली रंगीत नव्हे. एक एकर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. त्या खुल्या जागेवरच पुढे प्लॉट क्रमांक टाकून विक्री झाल्याची प्रकरणे दप्तरात मी पाहिली आहेत.

गिरणेपल्याड (जळगाव)

मी बँकेच्या गृहकर्ज विभागात काम करते. 'नोंदवही'चे नाना म्हणतात त्या कागदांवर माझा एक शब्दही जास्त नाही. मी फ्लॅटचा हिशेब मांडते, कारण सरांनी तो मांडलेला दिसत नाही.

२८ लाखांच्या फ्लॅटला बँकेने ८० टक्के कर्ज दिले असे धरू. नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा असली तरी गुंतवणुकीच्या घराला तेवढे घेऊ नये, असे माझे मत आहे. म्हणजे स्वतःचे ५ लाख ६० हजार. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह ६ टक्के धरले तर १ लाख ६८ हजार, नोंदणी फी एक टक्का म्हणजे २८ हजार. ही फी कमाल ३० हजार असते. बांधकाम चालू असल्यामुळे जीएसटीही लागेल. बिगर-महानगरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर तो एक टक्का असतो, म्हणजे आणखी २८ हजार. बेरीज ७ लाख ८४ हजार. शुल्क आणि फीसाठी कर्ज मिळेल असे समजू नका. फ्लॅट केवळ वहिनींच्या नावावर घेतला तर निवासी मिळकतीसाठी स्त्रियांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तेवढे २८ हजार वाचतील. वकील, वीज मीटर आणि किरकोळ दुरुस्त्या धरल्या की तुमची मुदत ठेव जवळजवळ संपली.

उरलेल्या २२ लाख ४० हजारांवर साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षे मुदत धरली तर मासिक हप्ता सुमारे १९,४०० रुपये येतो. भाडे किती येईल, हे बिल्डरला विचारू नका; त्या इमारतीच्या आसपासच्या तीन-चार घरमालकांना विचारा. उदाहरणापुरते मी ८,००० धरते. वर्षाचे ९६ हजार झाले, त्यातून एक महिना घर रिकामे राहिल्याचे ८ हजार आणि घरपट्टी, देखभाल व रंगरंगोटीचे १४ हजार वजा केले तर हातात ७४ हजार उरतात. एकूण खर्च झालेल्या ३० लाखांवर हे उत्पन्न अडीच टक्क्यांच्या आसपास पडते. तुम्ही आठ-साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलून अडीच टक्क्यांचे उत्पन्न घेणार आणि मधला फरक घराच्या किमतीने भरून काढावा अशी अपेक्षा ठेवणार. किमती वाढल्या तर तो भरून निघतोही, परंतु तोपर्यंत दरमहा सुमारे तेरा हजार रुपये पगारातून घालावे लागतील आणि ताबा मिळेपर्यंत तर भाडेही नसेल. हा व्यवहार वाईट आहे असे मी म्हणत नाही; सक्तीची बचत म्हणून अनेक नोकरदारांना तो मानवतो. भाड्यातून हप्ता निघेल, हे मात्र जळगावात मनातून काढून टाका.

प्लॉटविषयी एवढेच सांगते की बँका निव्वळ प्लॉटला कर्ज कमी प्रमाणात आणि कमी मुदतीसाठी देतात आणि मंजूर ले-आउट असल्याशिवाय देतच नाहीत. तेव्हा रोखीने घ्यायचा असला तरी आधी दोन बँकांत जाऊन 'या प्लॉटला कर्ज मिळेल का' असे विचारून पाहावे. नकार मिळाला तर कारण विचारावे. ती तपासणी तुम्हाला जवळजवळ फुकट मिळते.

आणखी एक. दरमहा १९,४०० हप्ता खरोखर झेपतो की नाही, हे पाहण्यासाठी आजपासून वर्षभर तेवढेच पैसे आवर्ती ठेवीत टाकून बघा. मुलीच्या फीच्या महिन्यातही ते जमले तर कर्जाचा विचार करा. तोवर या क्षेत्राची ओळख व्हावी असे वाटत असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचे, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या इमारती घेणाऱ्या ट्रस्टचे, काही युनिट घेता येतात. सेबीने त्यांचे नियम २०१४ मध्ये केले, पहिला रीट २०१९ मध्ये बाजारात आला आणि २०२१ पासून अगदी एक युनिटही घेता येते, तेही काही शे रुपयांत. त्यांची किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाड्याची असावी लागते आणि वाटपयोग्य रकमेच्या ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. भाव खालीवर होतो, आणि त्या इमारती बेंगळुरू-मुंबईच्या आहेत, खानदेशातल्या नव्हेत. पण भाडेकरू किती, रिकामी जागा किती, कर्ज किती, हे त्यांच्या तिमाही अहवालात वाचायची सवय लागली की स्थानिक गाळा घेतानाही तेच प्रश्न सुचतात.

भुसावळ जंक्शन

ताईंचा हिशेब बरोबर आहे, तरीही प्लॉटची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. माझा जुन्या-नव्या मिळकतींच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या बेताने घ्यावे.

आपल्याकडच्या माणसाला अजूनही स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या अंगणाचे घर हवे असते. जळगाव-भुसावळात फ्लॅट खपतात, नाही असे नाही. पण निवृत्त होणारा रेल्वेवाला किंवा दीपनगरच्या वीज केंद्रातला कर्मचारी आधी प्लॉट किंवा रो-हाऊस बघतो. म्हणून मंजूर ले-आउटमधला, घरे उभी राहू लागलेल्या वस्तीतला प्लॉट पुन्हा विकता येतो, तर जुना होत चाललेला फ्लॅट विकताना शेजारच्या नव्या इमारतीशी त्याला झुंजावे लागते. अट इतकीच की वस्ती खरोखर सुरू झालेली असली पाहिजे. विजेचे खांब, पाण्याची लाइन आणि गटार दिसले पाहिजे. सिमेंटची कमान आणि दोन बाजूंची शोभेची झाडे म्हणजे वस्ती नव्हे. दहा-पंधरा वर्षे होऊनही बाभळी वाढलेले ले-आउट आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावाला आहेत आणि तेथे ज्यांनी पैसे अडकवले, त्यांचे सातबारे अगदी चोख आहेत. कागद चोख असणे आणि गिऱ्हाईक मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यासाठी एक सोपी चाचणी सांगतो. ज्या ले-आउटमध्ये प्लॉट घ्यायचा आहे, तेथेच आपला एक प्लॉट विकायचा आहे असे सांगून दुसऱ्या एखाद्या दलालाला फोन करावा. घेणाऱ्याला सांगितलेला भाव आणि विकणाऱ्याला दिला जाणारा भाव यांत किती अंतर आहे, आणि 'ठेवून द्या, गिऱ्हाईक आले तर कळवतो' असे उत्तर येते का, यावरून त्या जागेची खरी किंमत कळते.

घोषणांवर भाव देऊ नये, हेही सांगून ठेवतो. मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटरचा मार्ग आहे आणि खर्चाचा अंदाज सुमारे १८ हजार कोटींचा. बातमी आली त्याच आठवड्यात धुळे-शिंदखेडा-शिरपूर पट्ट्यातल्या ओळखीच्या दलालांनी कोटेशन बदलले. रेल्वे होईलही, पण विकणाऱ्याने पुढच्या दहा वर्षांचा फायदा आजच्या भावात धरून घेतला, तर घेणाऱ्याच्या वाट्याला फक्त वाट पाहणे राहते. नरडाणा औद्योगिक क्षेत्राच्या आजूबाजूलाही दिल्ली-मुंबई कॉरिडॉरच्या नावाने हेच वर्षानुवर्षे चालत आले आहे.

जागा पाहायला उन्हाळ्यात जाऊ नका, पावसाळ्यात जा. तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. त्यावर घर बांधायचे तर पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो आणि जोत्यात बाहेरून मुरूम आणून भरावा लागतो. पुढे तुमचा प्लॉट घेणारा माणूस हा खर्च भावातून कापूनच बोलणार. एकाच ले-आउटमध्ये वरच्या अंगाला तीन फुटांवर मुरूम आणि नाल्याकडच्या अंगाला आठ फूट काळी, असेही असते. शेजारी कोणाचे बांधकाम चालू असेल तर खड्ड्यात डोकावून यावे. नदी-नाल्याजवळ असाल तर पूररेषा विचारावी. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळत नाही, निळ्या आणि लाल रेषांच्या मधे अटी घालून मिळते.

शेतजमिनीच्या वाटणीवर मी बोलत नाही, ते वकील मंडळींनी पाहावे.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनापासून आभार. नोटरीवरचा प्लॉट मी मनातून काढून टाकला आहे. ताईंनी मांडलेला हिशेब पत्नीला दाखवला. तिचे म्हणणे असे की वर्षभर हप्त्याएवढी बचत करून पाहावी आणि तोवर मंजूर ले-आउटमधले प्लॉट बघत राहावेत. परंतु मित्रमंडळी वीस गुंठ्यांसाठी अडून बसली आहेत. मालक दोन लाख रुपये रोख इसार मागतो आणि पावती कोऱ्या कागदावर देतो म्हणतो. माझ्या स्वतःच्या नावावर शेती नाही, वडिलांच्या नावावर आहे. याविषयी कृपया सांगावे.

अमळनेरचा वकील

सर, तुमच्या मित्रांचा राग ओढवून घेऊन लिहितो.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकता येत नाही; कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. तुमच्याकडे वडिलोपार्जित शेती असल्यामुळे वडिलांचा सातबारा व आठ-अ (खाते उतारा) आणि कुटुंबातील नाते दाखवणारे कागद जोडून तुमची बाजू मांडता येईल, मात्र हे दस्ताच्या दिवशी दुय्यम निबंधकासमोर ठरवायचे नसते, आधी कागद जमवून ठेवायचे असतात. चौघांपैकी एखादा मित्र शेतकरी कुटुंबातला नसेल तर त्याच्यापुरता व्यवहार तेथेच अडेल. त्याने दुसऱ्याच्या नावावर पैसे लावायचे ठरवले तर तो बेनामी व्यवहार होतो आणि त्यात केवळ त्याचेच नव्हे, तुमचेही नाव येते.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेनुसार आपल्याकडे जिरायतीसाठी प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. म्हणजे वीस गुंठे एकत्र घेता येतील, पण पाच-पाच गुंठ्यांचे चार सातबारे कधीच होणार नाहीत. चौघांची नावे एकाच उताऱ्यावर राहतील, हिस्सा कागदावर राहील आणि जमिनीवर 'माझी बाजू ही' असे कोणालाही म्हणता येणार नाही. एकाला पैशाची गरज पडून विकायचे झाले तर अविभाज्य चौथा हिस्सा विकत घेणारा बाहेरचा माणूस शोधून पाहा. एकाचा मृत्यू झाला तर त्याचे वारस लागतील आणि मग चार मित्रांऐवजी नऊ जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतील, ज्यांतले तिघे सुरतेला असतील.

महामार्गालगत म्हणून जो भाव मोजता, त्याचाही विचार करा. वीस गुंठे म्हणजे सुमारे २,०२३ चौरस मीटर, चौकोनी असेल तर ४५ मीटर बाय ४५ मीटर. महामार्गाच्या मध्यापासून ठरावीक अंतरापर्यंत बांधकाम करता येत नाही आणि थेट महामार्गावर रस्ता उघडायला वेगळी परवानगी लागते. उद्या हॉटेल किंवा गोदाम करायचे म्हटले तर त्या ४५ मीटर खोलीतून हाती काय उरते, हे नकाशावर पट्टी ठेवून मोजून घ्या. चौपदरीकरणात आधी किती गेली आणि पुढच्या संपादनाचा शेरा आहे का, हे नानांनी सांगितलेल्या 'इतर हक्क' रकान्यात पाहा.

इसाराविषयी: स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. दंड मालकाला होत असला तरी तंटा झाल्यावर तुम्ही रोख दिल्याचा पुरावा तुमच्याकडे काय असणार? रक्कम थोडी असावी, चेकने किंवा बँकेतून जावी, आणि मोठी रक्कम द्यायची असेल तर साठेखत, म्हणजे खरेदीचा करार, नोंदवावे. त्यात गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा, एकूण किंमत, दिलेली रक्कम, खरेदीखताची मुदत, बोजा कोणी फेडायचा आणि मुदतीत व्यवहार न झाल्यास इसाराचे काय, हे लिहिलेले असावे. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत थांबावे.

आमच्याकडे येणाऱ्या दाव्यांत सर्वांत जास्त प्रकरणे बहिणींच्या सह्यांची असतात, म्हणून हे ठळकपणे लिहितो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निश्चित केले. 'बहिणींनी हक्क सोडला आहे, त्या काही म्हणत नाहीत', असे विकणारा तोंडी सांगतो. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल तर खरेदीखतावर सर्व बहिणींच्या संमतीच्या सह्या घ्याव्यात. सासरी नाशिकला असलेली बहीण येण्यास तयार नसेल, तर ती का तयार नाही, हे आधी समजून घ्यावे.

फ्लॅटचा विचार पुढे झालाच तर प्रकल्पाचा महारेरा (गृहप्रकल्पांचे राज्य नियामक) क्रमांक घेऊन संकेतस्थळावर मंजूर नकाशे, पूर्णत्वाची जाहीर तारीख आणि न्यायालयीन दावे वाचावेत. पाचशे चौरस मीटरपेक्षा जास्त जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर नोंदणी बंधनकारक आहे आणि हे प्लॉटच्या ले-आउटलाही लागू आहे. नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागता येत नाही. दलालालाही महारेराची नोंदणी लागते; त्याचा क्रमांक मागण्यात संकोच नसावा.

करांबाबत एकच फरक लक्षात ठेवा. दहा लाखांपर्यंत लोकसंख्येच्या जळगाव-धुळ्यासारख्या शहरांच्या हद्दीपासून सहा किलोमीटरपलीकडची शेतजमीन आयकराच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. लहान गावांसाठी हे अंतर कमी आहे. प्लॉट किंवा फ्लॅट चोवीस महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकला तर जुलै २०२४ नंतरच्या नियमाने साडेबारा टक्के कर लागतो. एवढ्यावरून शेतजमीनच घ्यावी असे मित्र म्हणतील. त्यांना वरचा चौथ्या हिश्श्याचा परिच्छेद पुन्हा वाचायला द्या.

भुसावळ जंक्शन

वकील साहेबांशी शंभर टक्के सहमत. फक्त एक भर घालतो: चौघांना एकत्रच काही घ्यायचे असेल तर मंजूर ले-आउटमधले शेजारशेजारचे चार प्लॉट घ्या. मैत्रीही राहते आणि उतारेही चार निघतात.

बोरीकाठ (अमळनेर)

मित्रांना हे सर्व वाचून दाखवले. दोघे तयार झाले, एक नाराज आहे. आता आम्ही एक मंजूर ले-आउट पाहिला आहे; स्वतंत्र उतारे निघालेले आहेत, कोपऱ्यावरचे खुणेचे दगड मात्र जागेवर दिसत नाहीत. खरेदीआधी मोजणीचा अर्ज मी करू शकतो का?

नोंदवही (धुळे)

नाही सर, मोजणीचा अर्ज खातेदारालाच करावा लागतो. म्हणून साठेखतातच अट घाला की विक्रेत्याने स्वखर्चाने भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून द्यावी, मोजणीच्या दिवशी तुम्ही हजर राहाल आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाती आल्यावरच उर्वरित रक्कम देय होईल. पावसाळ्यात शेतातल्या मोजण्या मागे पडतात, तेव्हा खरेदीची मुदत ठरवताना तेवढी सवड ठेवा. मोजणीच्या नोटिसा शेजारच्या प्लॉटधारकांना जातात. त्यांच्यापैकी कोणी हरकत घेतली तर ती काय आहे, हे कार्यालयात जाऊन वाचून या. मंजूर नकाशाची प्रत आणि क.जा.प. सोबत न्या, म्हणजे भूकरमापक दाखवतो तो कोपरा तुमच्याच प्लॉटचा आहे की नाही, हे तेथल्या तेथे पडताळता येईल.